प्रकल्प नोंदी: वर्कशॉपची सकाळची मीटिंग आणि अडकलेले मुद्दे सॉफ्टवेअरवर आणताना

भोसरी एमआयडीसीतले टर्निंगचे, म्हणजे लेथवर धातूचे गोल भाग कापण्याचे, छोटे युनिट. सहा सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशिन्स), दोन शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी, माझ्याकडे आणि कॉम्प्युटरचे जमते म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात. आजूबाजूच्या युनिटमधून "तुम्ही ते मीटिंगचे कसे केले?" असे विचारणे सुरू झाले, म्हणून डायरीतल्या नोंदी थोड्या नीट करून इथे ठेवतो.

२६ मे २०२५, सोमवार

आजची परिस्थिती अशी. रोज सव्वानऊला उभ्याउभ्या मीटिंग होते. कोण काय म्हणाले ते डायरीत, डायरीतून एक्सेलमध्ये, आणि फोटो 'प्रॉडक्शन' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे फुटलेल्या इन्सर्टचा (धातू कापणाऱ्या टोकाचा) फोटो सुप्रभातच्या फुलांखाली अर्ध्या तासात गाडला जातो.

एक्सेलचा खरा दोष आज सापडला. दर महिन्याला नवी शीट, त्यात जुन्या शीटमधले न सुटलेले मुद्दे कॉपी-पेस्ट, आणि टार्गेट डेटच्या रकान्यात नवी तारीख. त्यामुळे प्रत्येक मुद्दा कायम ताजा दिसतो. कॉम्प्रेसरची हवा दुसऱ्या शेडपर्यंत कमी दाबाने पोहोचते हा मुद्दा किती जुना, हे सांगायला जुन्या फायली एकेक उघडाव्या लागल्या. तो मागच्या दिवाळीच्या आधीचा निघाला.

ओपनप्रोजेक्ट हे कामांच्या नोंदी ठेवायचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले. मुक्त स्रोत, रेडमाइनच्या कुळातले, कम्युनिटी आवृत्ती फुकट. माणशी महिन्याला पैसे घेणारी बरीच सॉफ्टवेअर बघितली, पण शॉपफ्लोरवरच्या प्रत्येक सुपरवायझरसाठी वर्गणी भरायला मोठे साहेब तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. ओपनप्रोजेक्ट निवडण्याचे कारण एकच: मीटिंग आणि मुद्दा यांची तिथे गाठ मारलेली आहे. अजेंड्यावर मुद्दाच घेता येतो, आणि मुद्दा उघडला की तो कोणकोणत्या मीटिंगमध्ये आला आणि तिथे काय लिहिले गेले, ते एका टॅबमध्ये दिसते. बाकीची निम्मी सोय आम्हाला लागणार नाही. गँट चार्ट (कामांचे आडव्या पट्ट्यांचे वेळापत्रक) तर पहिल्याच दिवशी बंद करायचा.

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. आज दिवसभर लाइट ये-जा करत होती, त्यामुळे यूपीएस खरेदीच्या यादीत सगळ्यात वर.

३० मे, शुक्रवार

जुन्या बाजारातून डेस्कटॉप ११,५०० ला. नवी एसएसडी २,४००, यूपीएस ३,२००. सॉफ्टवेअरवाले ४ कोअर, ४ जीबी रॅम आणि २० जीबी जागा सांगतात. आम्ही ८ जीबी ठेवली.

डॉकरवर (सॉफ्टवेअर स्वतंत्र डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) एकाच कंटेनरमध्ये सगळे बसते, डेटाबेससुद्धा. पण दोन ठिकाणी वेळ गेला.

पहिले, एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी. ते मूळ सेटिंगमध्ये चालू असते. आमचे सगळे ऑफिसच्या वाय-फायवर, सर्टिफिकेट नाही, त्यामुळे लॉगिनचे पान उघडायचेच नाही. ते सेटिंग स्पष्टपणे बंद केले. त्याच यादीत होस्ट नेमचे (सर्व्हरच्या पत्त्याचे) सेटिंग आहे, आणि त्यात होस्ट आणि नेम यांच्या मध्ये एक नव्हे, दोन अंडरस्कोअर लागतात. 

दुसरे जास्त महागात गेले. चाचणीसाठी चालवलेल्या कंटेनरला बाहेरचा फोल्डर जोडलेला नव्हता. दोन दिवस बसून क्यूसीच्या असिस्टंटने एक्सेलमधले मुद्दे हाताने भरले, आणि सेटिंग बदलण्यासाठी कंटेनर काढून नवा चालू केल्यावर सगळे गेले. डेटाबेसचा आणि जोडफायलींचा, असे दोन्ही फोल्डर आधी बाहेर जोडा, मगच एक अक्षर भरा. असिस्टंट दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

३ जून, मंगळवार

ईमेल. जीमेलच्या नेहमीच्या पासवर्डने पाठवता येत नाही. टू-स्टेप चालू करून वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, पोर्ट ५८७. पहिली आमंत्रणे गेली, पण त्यातल्या लिंकवर 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशिन' असा पत्ता होता, त्यामुळे कोणाच्याही फोनवर काहीही उघडेना. होस्ट नेममध्ये मशिनचा पक्का आयपी टाकला आणि राउटरमध्ये तो आयपी त्या मशिनला बांधून ठेवला.

मग वेळ. सव्वानऊची मीटिंग सगळ्यांच्या कॅलेंडरवर दुपारी पावणेतीनला. म्हणजे साडेपाच तासांचा फरक, म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ. नव्या सदस्यांसाठीचा मूळ टाइम झोन ॲडमिनमध्ये बदलता येतो, पण आधी तयार केलेली खाती तशीच राहतात. ती एकेक उघडून बदलली. खाती तयार करण्याआधी हे करा.

एवढे सगळे करून कळले की सुपरवायझर लोक मेल उघडतच नाहीत. ही मेहनत फक्त ऑफिसातल्या चार जणांच्या कामी आली.

६ जून, शुक्रवार

पहिली खरी मीटिंग. पॅकिंग टेबलाजवळच्या भिंतीवर जुना मॉनिटर लावला. अजेंड्यावर पूर्ण यादी घेतली होती, उघडा असलेला प्रत्येक मुद्दा. चहा गार झाला, एक लेथ ऑपरेटरविना थांबला, आणि अर्ध्या यादीपर्यंत पोहोचलो तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "हे आधीच बरे होते."

ते खरे होते. सॉफ्टवेअरने यादी दाखवली, पण यादीतली निम्मी कामे मीटिंगची नव्हतीच. 'लेथ ५ चा दिवा लागत नाही' यावर आठ माणसांनी उभे राहून काय करायचे? इलेक्ट्रिशियनने जाऊन बदलायचा.

संध्याकाळी चाळणी ठरली. एकाच खात्यातल्या एकाच माणसाला करून टाकता येईल ते काम मुद्दा म्हणून नोंदवायचे, पण अजेंड्यावर घ्यायचे नाही. दोन खात्यांच्या मध्ये अडकलेले असेल तेच अजेंड्यावर. म्हणजे स्टोअर म्हणते खरेदीने मागवले नाही, खरेदी म्हणते इंडेंटच (मागणीपत्रच) आला नाही, असले. आमच्याकडे खरी दुखणी सगळी याच फटीत आहेत.

अजेंड्याच्या प्रत्येक विषयाला मिनिटे देता येतात आणि खाली बेरीज दिसते. बेरीज १५ च्या वर गेली की शेवटचा विषय उद्यावर.

आजच्या मुद्द्यांमध्ये एक: लेथ २ वर बेअरिंग सीटचा (बेअरिंग बसते त्या भागाचा) व्यास दहाव्या-बाराव्या नगापासून सरकतो. टॉलरन्स (मापातली मुभा) एकूण २५ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. ऑपरेटरने ऑफसेट (मशिनमधली मापाची दुरुस्ती) दिला, माप ठीक, मुद्दा बंद.

११ जून, बुधवार

मुद्दे नोंदवायचे कोणी आणि कसे, यावर हा आठवडा गेला.

आधी प्रत्येक मशिनवर क्यूआर कोड चिकटवला, स्कॅन केला की नवा मुद्दा उघडेल असा. तेलकट हात, ग्लोव्ह्ज, आणि बऱ्याच जणांचे फोन लॉकरमध्ये. स्टिकर दोन दिवसांत कूलंटने (कापताना सोडतात त्या थंड करणाऱ्या द्रवाने) फुगून निघाले. मग मराठीत बोलून टाइप करायचा प्रयोग. ऑफिसात झकास चालतो. शेडमध्ये, बार फीडरच्या (मशिनला सळई पुरवणाऱ्या यंत्राच्या) खडखडाटात, 'चक जॉ घसरतोय' (म्हणजे जॉब धरणारी पकड सुटतेय) याचे जे काय झाले ते लिहिण्यासारखे नाही.

आता जे चालते ते असे: पॅकिंग टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि दोरीला बांधलेले पेन. चिठ्ठीवर तीनच गोष्टी: मशिन, काय दिसले, किती वाजता. पावणेनऊला असिस्टंट चिठ्ठ्या गोळा करून भरते आणि मुद्द्याचा नंबर त्याच चिठ्ठीवर लिहून बोर्डाला टाचते. आपली चिठ्ठी टाचलेली दिसली की लोक पुढची लिहितात, नाहीतर लिहीत नाहीत. डिजिटल करायला निघालो आणि पहिली पायरी कागदाची झाली. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

१३ जून, शुक्रवार

आज वाजले. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात मुद्दा होता: "दुसऱ्या शिफ्टवाले कूलंट घालत नाहीत." दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर मुद्दाम सकाळी थांबला होता. पंधरा मिनिटे त्यातच गेली आणि कूलंटबद्दल एक शब्द झाला नाही.

नियम: मुद्द्याच्या नावात माणूस किंवा शिफ्ट येणार नाही. मशिन, काय दिसले, आकडा असेल तर आकडा. तोच मुद्दा पुन्हा लिहिला: "लेथ ३, सकाळी ७ वाजता कूलंट खुणेच्या खाली." नाव बदलताच प्रश्नही बदलला. टाकी भरायचे काम रात्री अकराला शिफ्ट सुटताना होत होते, पण मिक्स केलेले कूलंट तेव्हा शिल्लक नसायचे आणि ड्रमची किल्ली स्टोअरच्या काकांकडे, जे सहाला घरी जातात. आता काका जाण्याआधी एक कॅन मिसळून, रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रण किती दाट ते दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासून बाहेर ठेवतात. मुद्दा सुटला. वाक्य पहिलेच राहिले असते तर अजून भांडत असतो.

लेथ २ चे बेअरिंग सीट पुन्हा. या वेळी इन्सर्टवर शंका. नवा इन्सर्ट, ऑफसेट, बंद.

२० जून, शुक्रवार

माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे पुण्याकडे, तुकोबांची आकुर्डीच्या मुक्कामाहून. रस्ते बंद, पहिली शिफ्ट अर्धी रिकामी. भोसरी गावठाणातून चालत येणाऱ्या मेंटेनन्सवाल्याने सातला सगळी मशिन्स चालू करून रिकामी फिरवत ठेवली. ऑपरेटर साडेआठनंतर एकेक करून आले.

मीटिंग झाली नाही. रोजच्या मीटिंगची मालिका एकदाच तयार करून ठेवता येते, तशी केली होती. पण आजची मीटिंग कोणी रद्द केली नाही, त्यामुळे आजचे विषय न झालेल्या मीटिंगमध्ये पडून राहिले आणि उद्याच्या अजेंड्यावर आपोआप आले नाहीत. मीटिंग होणार नसेल तर तेवढी एक रद्द करायची आणि तिचे विषय पुढच्या तारखेला सरकवायचे, हे काम आता असिस्टंटच्या यादीत. गुरुवार मालिकेतून आधीच वगळला होता.

२७ जून, शुक्रवार

मुद्दे फार पटापट बंद होत आहेत, याचा संशय आला. बंद मुद्दे उघडून जागेवर जाऊन बघितले. कित्येक तसेच. ज्याच्या नावावर काम, तोच 'बंद' दाबत होता. त्याच्या दृष्टीने झालेले असते: मेंटेनन्सने बेल्ट ताणला, काम संपले. आवाज अजून येतो हे त्या मशिनवर आठ तास उभ्या असलेल्या माणसाला माहीत.

वर्कफ्लोमध्ये सोय आहे की एखादा स्टेटस बदल फक्त मुद्दा मांडणाऱ्यालाच करता यावा. ते लावले आणि एका सकाळीत फसले, कारण चिठ्ठ्या असिस्टंट भरते, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशेबी प्रत्येक मुद्दा मांडणारी तीच! मग वेगळा रस्ता. 'कोणी मांडले' असा स्वतंत्र रकाना. स्टेटस चार: नवा, चालू, झाले म्हणतात, बंद. काम करणारा 'झाले म्हणतात' पर्यंतच नेऊ शकतो. 'बंद' चा हक्क क्यूसीच्या भूमिकेला, आणि तेही मांडणाऱ्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर "सुटले का?" विचारून. तो "हो" म्हणाला तर बंद. मान नुसती हलवली तर नाही.

'झाले म्हणतात' हे नाव मेंटेनन्सला झोंबले. बदलायला सांगितले, मी बदलले नाही.

लेथ २ चा मुद्दा आज पुन्हा आला. आता तो ऑफसेट देऊन बंद होत नाही, कारण पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर "सुटले" म्हणायला तयार नाही.

१४ जुलै, सोमवार

या नोंदीसाठी बाकीचे सगळे केले असे म्हणायला हरकत नाही.

लेथ २ चे आधीचे मुद्दे वेगवेगळ्या नंबरखाली बंद होते. ते पुन्हा उघडून आताच्या मुद्द्याला 'डुप्लिकेट' नात्याने जोडले आणि प्रत्येकाचा मीटिंग टॅब उघडला. तारखा: ६ जून, १३ जून, २७ जून, ४ जुलै, ११ जुलै. असिस्टंटनेच आधी बघितले, "सर, हे सगळे शुक्रवार आहेत."

शुक्रवार म्हणजे गुरुवारच्या सुट्टीनंतरची सकाळ. मशिन सव्वा दिवसाहून जास्त थंड. सातला चालू, सव्वासातला पहिला नग. ऑपरेटर थंड मशिनवर माप लावतो, मशिन तापत जाते, स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि बॉलस्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) वाढतात, माप सरकते. पोलाद मीटरला एका अंशामागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढते. ३०० मिमीला ५ अंश धरले तरी १७ च्या आसपास, आणि लेथवर एक्स अक्षातली (टूल जॉबकडे सरकते त्या दिशेची) सरक व्यासात दुप्पट दिसते. आमची एकूण मुभा २५.

मग २० जूनला का नाही आला? तोही शुक्रवारच होता. त्या दिवशीच्या उत्पादनाच्या नोंदी काढल्या: बेअरिंग सीटचे नग सगळे मापात. पालखीमुळे मशिन्स दीड तास रिकामी फिरत होती. आपोआप वॉर्म-अप झाला होता.

एवढे दिवस ऑपरेटर, इन्सर्ट, मायक्रोमीटर अशा क्रमाने सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. उपाय: शुक्रवारी मेंटेनन्सवाला साडेसहाला येतो, २० मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्राम लावतो. स्पिंडल टप्प्याटप्प्याने वाढवत, दोन्ही अक्ष पूर्ण लांबीवर फिरवत, कूलंट चालू ठेवून. पहिल्या नगाची तपासणी त्यानंतर. अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम द्यावा लागतो, तो शुक्रवारच्या रिजेक्शनपुढे काहीच नाही.

एक्सेलमध्येही तारखा होत्या. पण टार्गेटच्या, घडल्याच्या नव्हत्या.

२२ जुलै, मंगळवार

इन्सर्ट संपण्याचा मुद्दा 'खरेदी' या ग्रुपच्या नावावर होता. ग्रुपला काम देता येते, म्हणून दिले होते. महिनाभर हललेच नाही, कारण खरेदीतल्या दोघांनाही तो दुसऱ्याचा वाटला. आता ग्रुपच्या नावावर काहीही टाकायचे नाही. आधी एकाचे नाव, मग तारीख, आणि ती तारीख त्याने स्वतः सांगायची. मीटिंगमध्ये साहेबांनी दिलेली तारीख कधीच पाळली जात नाही, हे मागच्या नोंदींवरून दिसते.

इन्सर्टसाठी दोन डब्यांची पद्धत: पहिला डबा रिकामा झाला की तोच डबा खरेदीच्या टेबलावर. त्याला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

एका ऑपरेटरची चिठ्ठी रजेच्या पैशांबद्दल होती. असिस्टंटने नेहमीसारखी भरली आणि सकाळी ती सगळ्यांसमोर स्क्रीनवर आली. तो मुलगा मान खाली घालून उभा. मोठ्या साहेबांनी पटकन पुढचा विषय घ्यायला लावला.

रजा, पगार, दोघांमधले वाद, कोणाच्या तब्येतीचे काही: यांसाठी वेगळा प्रोजेक्ट, त्यात फक्त साहेब आणि ऑफिसच्या मॅडम सदस्य. इतरांना तो यादीतही दिसत नाही. चिठ्ठ्यांच्या शेजारी कुलूप असलेली एक पेटी ठेवली. मीटिंग उघडी ठेवायची असेल तर काही दारे बंद लागतात, हे आधी सुचायला हवे होते. त्या मुलाचे पैसे दुसऱ्या दिवशी मिळाले, पण त्याने परत चिठ्ठी लिहिलेली नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

गुरुवारी वीज मंडळाचे देखभालीचे काम असते, यूपीएस तेवढा वेळ टिकत नाही, आणि शुक्रवारी सर्व्हर बंद सापडायचा. दोन गोष्टी केल्या: बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर मशिन आपोआप चालू होईल असे सेटिंग, आणि डॉकरला कंटेनर नेहमी पुन्हा चालू करण्याची सूचना. गेल्या गुरुवारी चालले.

बॅकअप रोज रात्री साडेअकराला, दुसऱ्या डिस्कवर. आज तो दुसऱ्या मशिनवर उतरवून बघितला. डेटाबेस आला, फोटो आले नाहीत, कारण जोडफायलींचा फोल्डर बॅकअपमध्ये नव्हताच. फुटलेल्या जॉबचे फोटो हा निम्मा पुरावा असतो. आता दोन्ही जातात. आवृत्तीचा टॅगही नंबर लिहून पक्का केला, नाहीतर एखाद्या दिवशी नकळत नवी आवृत्ती उतरते.

एकूण रोख खर्च १७,१००. माणसांचा वेळ धरला तर त्याच्या कितीतरी पट, आणि त्यातला बहुतेक पहिल्या पंधरवड्यात वाया.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. मीटिंग आता बारा-तेरा मिनिटांत संपते.

राहिला तो कॉम्प्रेसर. दुसऱ्या शेडला हवा कमी पडते, चकचा दाब पडतो, मशिन अलार्मवर जाते. मेंटेनन्सने पाइपलाइनच्या गळत्या काढल्या, फिल्टर बदलला. उरतो तो नवा कॉम्प्रेसर, आणि तो निर्णय साहेबांचा. म्हणून नियमाप्रमाणे मुद्दा साहेबांच्या नावावर, आणि मीटिंग टॅबमध्ये तारखांची रांग.

आज ते स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अरे, हे माझे नाव काढ की तिथून." कोणी काही बोलले नाही. स्टोअरचे काका म्हणाले, "साहेब, तारीख सांगा, मग रोज स्क्रीनवर यायचे नाही."

१५ सप्टेंबर दिली आहे. दोन कोटेशन आली, तिसरे विसर्जनानंतर मिळेल. स्टेटस: चालू.